लॅपटॉपला मुळगाव मानवत नाही

॥ श्री ॥

मुळगाव, ता. डिचोली
१० ऑक्टोबर २०२२

ती. जयरामदादास,
धाकट्या सुमंगलाचा सा. न. वि. वि.

पत्र हाताने लिहिलेलं बघून डोळे पुसू नकोस. बहिणीला जुन्या दिवसांची आठवण वगैरे काही आलेली नाही. फोन करावा तर तुला ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही म्हणून तू असा ओरडतोस की माझ्या घरची खबर पेडण्याच्या बाजारात पोचते. इमेल करावी तर ज्याच्यावरून करायची ते यंत्रच रुसून बसलंय. म्हणून शेवटी बॉलपेन काढलं. ते बिचारं टेकवलं की उमटतं.

मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा तुझ्या लेकीने, सुविधाने, मला लॅपटॉप दिला ते तुला ठाऊक आहे. दिसायला कसा नवरीसारखा! पण त्याच्या कीबोर्डाची एकेक तऱ्हा ऐक. बटण दाबलं तर खाली जातच नाही, ओट्यावर बोट आपटल्यासारखं वाटतं. क एकदा दाबला की तीनदा येतो, र कितीही दाबा, येत नाही. शब्दांमध्ये जागा सोडायची ती लांब पट्टी उजवीकडून दाबली तर ऐकते, डावीकडून दाबली तर ढिम्म. आणि यंत्र बंद करायचं बटण कुठे ठेवलंय, तर खोडायच्या बटणाला अगदी चिकटून! एक अक्षर खोडायला जावं आणि सगळा लॅपटॉपच डोळे मिटतो. ज्या शहाण्याने हे केलं त्याने जन्मात एक ओळ तरी स्वतः टाइप केली असेल का रे? शाळेतल्या टाइपरायटरवर मी प्रश्नपत्रिका काढायचे तेव्हा त्याचा आवाज शेजारच्या वर्गात जायचा आणि पोरं आपोआप चूप बसायची. ह्याचा आवाज नाही, वजन नाही, आणि भरवसा तर मुळीच नाही.

त्यात माझ्या हातून एक झालंय, ते तुलाच सांगते. दसऱ्याला आपल्याकडे कोयता, पाटा, शिवणयंत्र, ह्यांची स्कूटर, सगळ्यांची पूजा होते. मग लॅपटॉपने काय घोडं मारलं? मीही झाकण उघडून त्याला हळदकुंकू वाहिलं, गोंड्याचं फूल ठेवलं आणि चार अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवसापासून र गेला. अक्षता सगळ्या वेचल्या असं मला वाटत होतं, पण एखादी आत राहिली असेल तर माझीच चूक. सुविधाला अजून सांगितलेलं नाही.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण दादा, आत्ताच मला ह्या यंत्राचं काम आहे. खाणी बंद असं पेपरात येतं खरं, पण डंपावर पडलेलं जुनं खनिज लिलावात गेलं आणि ते न्यायला ट्रक आमच्या वाड्यातल्या अरुंद रस्त्याने, घरापुढच्या बलकांवाच्या कट्ट्याला घासून जातात. आता हाच रस्ता कायमचा मिळावा म्हणून खाणकंपनीने अर्ज केलाय आणि नोव्हेंबरअखेर त्याची सुनावणी आहे. हरकत टाइप करूनच पाठवायची, हातचं अक्षर चालत नाही म्हणे. आमच्या ह्यांची, म्हणजे तुझ्या बाबाजीरावांची छाती तुला माहीत आहे. म्हापशाच्या डॉक्टरने ह्या खेपेला स्पष्टच सांगितलं की घरातून एक तर धूळ गेली पाहिजे नाहीतर हे गेले पाहिजेत. परवानगी मिळाली तर आम्हाला घराला कुलूप लावून निघावं लागेल. मला कुठेही जायचं नाही. म्हणून हरकत मी लिहिणार, आणि माझी मी टाइप करणार.

शांतावहिनीला नमस्कार. माया आहे तशी ठेव, उत्तर मात्र लवकर धाड.

तुझी,
सुमंगला


॥ श्री ॥

पेडणे
१६ ऑक्टोबर २०२२

चि. सौ. सुमंगलेस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अगो सुमे, अक्षता? लॅपटॉपाला? नशीब, ओटी नाही भरलीस. पंचवीस-तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलंस आणि शेवटी यंत्राच्या डोक्यावर तांदूळ. तुझं पत्र शांताला वाचून दाखवलं तर ती पदर तोंडाला लावून आत पळाली. बाहेर आली तेव्हा तिने मला खाजगीत सांगितलं की तिनेही आपल्या मिक्सरला कुंकू लावलंय. तेव्हा तुम्ही दोघी सारख्याच, ह्या बाबतीत तरी.

पण मला सांग, चार दाणे पडले म्हणून मरायचं असेल तर ते यंत्र कसलं? माझ्या जुन्या कंप्युटरचा कीबोर्ड बघ. सकाळी पोदेर पावाचे उंडे देऊन जातो, ते मी चहात बुडवून त्याच्यावरच बसून खातो. गेल्या रविवारी उलटा करून झाडला. उंड्याचा चुरा, काजूचे तुकडे, शांताच्या बांगडीची काच आणि एक मेलेलं झुरळ एवढा ऐवज निघाला. झुरळाने आत संसार केलेला असणार, पण अक्षर एक अडलं नाही! बटणं कशी, दाबली की खाली जातात, सोडली की वर येतात. बटणाकडून माणसाला आणखी काय हवं असतं?

आता म्हणे सगळं पातळ हवं. कोणी मागितलं होतं? तू मागितलं होतंस? मी तर आयुष्यात पोळी सोडून कशाला पातळ कर म्हटलं नाही. माणसं जाड होत चालली आणि यंत्रं पातळ. आमच्या वीज खात्यात असं यंत्र कोणी आणलं असतं तर साहेबाने त्यालाच खांबावर चढवला असता. सुविधाला हे बोललो तर ती माझ्यावरच उखडली, म्हणाली की बाबा तुम्हाला डिझाइन कळत नाही. नाही कळत बाई. मला फक्त र कळतो.

चेष्टा पुरे. बाबाजीरावांना घेऊन इकडे ये. कुळागराच्या बाजूची खोली रिकामीच आहे, जनेल उघडलं की सुपारीचा वारा. इथे खाणीची धूळ नाही. विमानतळाच्या रस्त्याची आहे, पण ती नवीन आहे, अजून छातीत जायला शिकलेली नाही. तू हट्टी आहेस हे मला ठाऊक आहे, पण त्या माणसाचा खोकला मी गणपतीत ऐकलाय, आणि मला ऐकू येत नाही असं तूच म्हणतेस. तरीही ऐकू आला. तेव्हा विचार कर.

आशीर्वाद आहेतच, टोमणे वरकड समज.

तुझा,
जयराम


॥ श्री ॥

मुळगाव
३० ऑक्टोबर २०२२

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या झुरळाला माझा नमस्कार सांग, मेलं असलं तरी.

दिवाळीला सुविधा येऊन गेली. तिला अक्षतांचं सांगितलं. ओरडली नाही, पण कपाळाला हात लावला आणि तो बराच वेळ तिथेच ठेवला. त्याआधी तिच्याच सांगण्यावरून मी मदतकेंद्राला फोन लावला होता. पोरगी गोड होती, मला सारखी मॅम म्हणत होती. तिने सांगितलं की लॅपटॉप उभा तिरका धरायचा, डब्यातली दाबलेली हवा विकत आणायची, ती डावीकडून उजवीकडे नागमोडी फवारायची, मग लॅपटॉप कुशीवर वळवून पुन्हा फवारायची. दादा, डब्यातली हवा! आमच्या ह्यांना रात्रंदिवस श्वासाला हवा पुरत नाही आणि लॅपटॉपला बाजारातून डबा आणायचा. मी तिला विचारलं की बाई, हा डबा माणसाला चालतो का? ती म्हणाली की मॅम, दुसरी काही मदत हवी आहे का?

तरी डिचोलीत डबा मिळाला, फवारला. क तीनदा येत होता तो आता पाचदा येतो. मराठी अक्षरांचे स्टिकर बटणांवर लावले होते त्यातले अर्धे हवेने उडाले, श पलंगाखाली सापडला. शेवटी सुविधाच लॅपटॉप पणजीला दुरुस्तीला घेऊन गेली. तांदूळ निघाला तर मला तोंड दाखवायला जागा नाही बघ. तिने हौसेने दिलेली वस्तू आणि मी तिचा असा निकाल लावला, ह्याचं खरंच वाईट वाटतं.

इकडे दुसरंच नाटक. कंपनीने पणजीहून एक तज्ज्ञ आणला, हवा मोजायला. तिपाईवर एक पेटी घेऊन आला. पेटी कुठे ठेवली असेल? देवळामागच्या तळीवर! तिथे ट्रक सोड, बैलसुद्धा जात नाही. दिवस कोणता, तर दिवाळीचा, ट्रक बंद, ड्रायव्हर सगळे आपापल्या गावी सावंतवाडी-बांद्याला गेलेले. त्यात आदल्या दिवशी पाऊस. पेटीने सांगितलं की मुळगावची हवा उत्तम. मीही सांगते, तळीवरची हवा उत्तमच आहे, गावातली नवी जोडपी तिथेच फोटो काढतात. मी त्या तज्ज्ञाला म्हटलं की बाबा, ही पेटी आमच्या बलकांवावर ठेव. तो अगदी अदबीने म्हणाला की जागा वरून ठरून आलेली आहे.

मला खरा राग त्याचा नाही आला, आमच्या ह्यांचा आला. त्यांना मी सुनावणीत बोललेलं नको आहे. कंपनीच्या वजनकाट्यावर उभी हयात काढली, आपल्या चुलीवर भात शिजला तो त्याच खनिजावर, आता त्याच ताटात थुंकायचं का, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं चुकीचं नाही, तेच तर दुखतं. मी म्हटलं की भात खाल्ला तो कष्टाचा, धूळ खाल्ली ती कोणत्या हिशोबात? त्यावर त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि खोकलाच आला. मग मी पाणी द्यायला उठले आणि भांडण तिथेच राहिलं.

तुझी खोली कोणाला तरी भाड्याने दे. लोभ मात्र आमच्यासाठी राखून ठेव.

सुमंगला


पणजी
१२ नोव्हेंबर २०२२

प्रिय सुमंगला आत्या,
सा. न. वि. वि. (बाबांना विचारून लिहिलंय, चुकलं तर त्यांना ओरड.)

लॅपटॉपच्याच खोक्यात ही चिठ्ठी ठेवते आहे, कारण तू फोन उचलतेस आणि मधेच ट्रक जातो.

आधी चांगली बातमी. तुझ्या अक्षता निर्दोष सुटल्या! आत तांदळाचा दाणा नाही, कुंकू नाही, काही नाही. दुरुस्तीवाल्याने माझ्यासमोर बटणं काढली आणि भिंग लावून दाखवलं. प्रत्येक बटणाखाली लाल पिठी होती, अगदी मऊ, रांगोळीहूनही बारीक. त्याने मला विचारलं की मॅडम, तुम्ही हा खाणीवर ठेवता का? मी म्हटलं नाही हो, माझ्या आत्याच्या जेवायच्या टेबलावर असतो. त्याने परत एकदा भिंगातून बघितलं आणि म्हणाला की तिकडेच जवळपास.

आता वाईट बातमी. ह्या मॉडेलची बटणं इतकी पातळ आहेत की खाली कण गेला तरी अडकतात, आणि ती एकेकटी बदलता येत नाहीत. एक र बदलायचा तर कीबोर्ड, त्याच्याभोवतीची पत्र्याची चौकट आणि खाली चिकटवलेली बॅटरी, सगळंच बदलायचं. ते वॉरंटीत बसत नाही, कारण धूळ ही वापरणाऱ्याची चूक धरतात. मी भांडले. त्यांनी सांगितलं की लॅपटॉप स्वच्छ हवेच्या ठिकाणी ठेवा, हे पुस्तिकेत छापलेलं आहे. साफ करायलाही तयार नाहीत, उघडला तसाच परत दिला. निघालेली दोन बटणं पिशवीत आहेत.

सोबत बाहेरून जोडायचा कीबोर्ड पाठवणार होते. पण ह्या लॅपटॉपला भोक एकच, आणि त्यातूनच चार्जिंग. म्हणजे एक तर त्याने जेवायचं, नाहीतर बोलायचं. आत्या, हा मीच निवडला ना गं तुझ्यासाठी, पातळ आहे, हलका आहे म्हणून. मला माझीच लाज वाटते. तू हरकत कागदावर लिहून पाठव, मी इथून टाइप करून वेबसाइटवर चढवते. हट्ट नको. तारीख जवळ आली.

काकांची काळजी घे. आणि माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी,
सुविधा


॥ श्री ॥

मुळगाव
१७ नोव्हेंबर २०२२

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुविधाने तुला सगळं सांगितलंच असेल. हरकत मी कागदावर लिहून तिच्याकडे धाडली आणि तिने ती चढवलीसुद्धा. गुणी पोर आहे, तुझ्यावर गेलेली नाही.

पण माझा संताप काही केल्या उतरत नाही. बघ हं. आमच्या ह्यांना डॉक्टर सांगतो की स्वच्छ हवेत जा. लॅपटॉपला दुरुस्तीवाला सांगतो की स्वच्छ हवेत ठेवा. दोघांना एकच औषध! आणि दोघांचाही दोष काय, तर ते मुळगावात राहतात. इतकी वर्षं आम्ही ओरडतोय की धूळ आहे. पंचायत म्हणते की नाही, कंपनी म्हणते की नाही, तळीवरची पेटी म्हणते की नाही. आणि एका लॅपटॉपने चार महिन्यांत सिद्ध केलं. ज्याने हा कीबोर्ड केला त्याला मी इतके दिवस शिव्या दिल्या, शिरा पडो त्याच्या तोंडावर म्हटलं. आता वाटतं की कामाचा कीबोर्ड म्हणून नालायक आहे, पण धूळ धरायला ह्याच्यासारखं यंत्र सरकारकडेही नसेल.

ह्यांना सुविधाची चिठ्ठी वाचून दाखवली. ते उठून टेबलाकडे गेले, बटण निघालेल्या जागी बोट फिरवलं, आणि उजेडात धरून त्या बोटाकडे कितीतरी वेळ बघत राहिले. वजनकाट्यावरच्या माणसाला आपला माल ओळखायला वेळ लागत नाही. मग धुवायला गेले. जेवताना म्हणाले की सुनावणीला तेही येतील, पण फक्त बसतील. मला तेवढंही खूप झालं.

मी मात्र बोलणार आहे दादा. आणि लॅपटॉप घेऊन जाणार आहे. कसं ते विचारू नकोस, तू हसशील.

लोभाची गरज ह्या आठवड्यात जरा जास्त लागेल.

सुमंगला


॥ श्री ॥

पेडणे
२२ नोव्हेंबर २०२२

चि. सौ. सुमंगलेस,
आशीर्वाद.

विचारू नकोस म्हणतेस म्हणून विचारत नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. अगो, तिथे पणजीचे साहेब असतील, कंपनीचे टायवाले असतील, पडद्यावर हिरवे-पिवळे आलेख दाखवतील. आणि तू बिघडलेला लॅपटॉप नाचवणार? निवृत्त बाईंचं डोकं फिरलं म्हणून पोरं व्हिडिओ काढतील आणि तो माझ्या फोनवर मलाच पाठवतील. तुझं हसं झालेलं मला सोसणार नाही. मी तुला हसतो तो माझा हक्क आहे, गावाला तो दिलेला नाही.

वॉरंटीचं ऐकून मात्र माझंही टाळकं सरकलं. धूळ उडवणारा मोकळा, आणि दंड मात्र ज्याच्यावर धूळ बसली त्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि असली नाजूक वस्तू विकणारा तर दोघांच्या वरताण. गोव्यात विकायची, तर इथे समुद्राचा खार आहे, चार महिने पाऊस आहे, लाल माती आहे. ह्यातलं एकही सोसत नसेल तर ती वस्तू दुकानाच्या कपाटातच नांदवायची.

मी त्या दिवशी येऊ शकत नाही. शांताच्या भाचीचा साखरपुडा आहे तेरेखोलला आणि नदी ओलांडून वेळेत परतणं व्हायचं नाही. हे निमित्त नाही, खरंच आहे. तू ऐकणार नाहीस हे ठाऊक आहे. तेव्हा बोलायचंच तर मान वर करून बोल. वर्गात बोलायचीस तशी.

खोली झाडून ठेवली आहे. रागावू नकोस, झाडायची वेळच झाली होती. आमची माया तुझ्या हट्टाहून थोडी जास्तच आहे एवढं ध्यानात ठेव.

जयराम


॥ श्री ॥

मुळगाव
३० नोव्हेंबर २०२२

ती. जयरामदादास,
सा. न. वि. वि.

काल सुनावणी झाली. क्रमाने सांगते, मधे उठून चहाला जाऊ नकोस.

देवळासमोर मांडव घातला होता. पुढे लांब टेबल, त्यावर पांढरीशुभ्र चादर, पाण्याच्या बाटल्या, मधे पणजीहून आलेले साहेब आणि त्यांच्या शेजारी तो तळीवाला तज्ज्ञ. तज्ज्ञाने पडद्यावर आलेख दाखवले, सगळे हिरवे. सगळं मर्यादेत आहे, मर्यादेतच राहील. मग आमच्या हरकती एका कारकुनाने वाचल्या, म्हणजे प्रत्येकीची पहिली ओळ वाचली. साहेबांनी विचारलं की कोणाला तोंडी काही सांगायचं आहे का. पंच सगळे मांडवाच्या छताकडे बघायला लागले. मी उठले.

साहेब सभ्य होते. म्हणाले की बाई, तुमची हरकत मिळाली आहे, त्याहून नवीन काही असेल तर सांगा. मी पिशवीतून लॅपटॉप काढला. त्यांना वाटलं की मीही आलेख दाखवणार, म्हणून त्यांनी माणसाला वायर शोधायला पाठवलं. मी म्हटलं की वायर नको, ह्याला बोलता येत नाही. मग मी तो टेबलावर उघडा पालथा धरला आणि तान्ह्या बाळाची ढेकर काढावी तशी त्याच्या पाठीवर थाप मारली.

दादा, पडली रे, पण चिमूटभरच पडली. पांढऱ्या चादरीवर लाल चिमूट, मागच्या रांगेला तर दिसलीही नाही. मला वाटलं होतं की ढीग पडेल. साहेब हसून म्हणाले की एवढी धूळ तर माझ्या घरीही निघते. मागे कोणीतरी खिदळलं. तुझ्या लाडक्या पोरांनी फोन वर केले. माझे कान तापले आणि तुझं पत्र आठवलं. वाटलं की संपलं सगळं, आता घरी जाऊन ट्रंक भरायची.

तेवढ्यात मांडवातला तो मान फिरवणारा पंखा आमच्याकडे वळला आणि ती चिमूट उडून सरळ तज्ज्ञाच्या दिशेने गेली. त्याच्यापुढे त्याचा लॅपटॉप उघडा होता. माझा आहे तस्साच, तोच पातळ. त्याने काय केलं असेल? त्याने फाडकन झाकण मिटलं, वर रुमाल टाकला आणि लॅपटॉप उचलून मांडीवर घेतला. पडद्यावरचे हिरवे आलेख गेले. साहेबांनी त्याला विचारलं की मध्येच बंद का केलंत. पोरगा सरळमार्गी, लगेच बोलून गेला की सर, ह्या मॉडेलच्या बटणांत धूळ गेली की संपलं, सगळं वरचं अंग बदलावं लागतं, ऑफिसात असे तीन गेलेत. आणि वर म्हणाला की म्हणून इथे मुळगावात आलो की मी हा एरवी पिशवीतून बाहेरच काढत नाही, आज आलेखांपुरता काढला.

मग त्याचं बोलणं त्याच्याच कानावर पडलं.

मांडवात असा हशा उठला की दशावतारातल्या संकासुरालाही कधी मिळाला नसेल. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि तज्ज्ञाला विचारलं की पेटी नेमकी कुठे ठेवली होती. तो सांगेना, तर मागून दहा जणांनी सांगितलं.

आणि तेव्हा आमचे हे उठले. मला कल्पनाच नव्हती. हात जोडून म्हणाले की मी कंपनीच्या काट्यावर होतो, कंपनीचं मीठ खाल्लंय, कंपनीविरुद्ध मला काही बोलायचं नाही. फक्त ती पेटी एकदा आमच्या बलकांवावर ठेवा, ट्रक चालू असताना. एवढं बोलले आणि त्यांना खोकला आला. तो थांबेचना. लोक हसत होते ते थांबले. फोन खाली आले. साहेबांनी स्वतःची बाटली पुढे केली, पण ह्यांना ती धरता येईना, मग मी धरली. मला त्या क्षणी कोणाचाच राग आला नाही, फक्त भीती वाटली.

साहेबांनी तिथल्या तिथे लिहवून घेतलं की नवी मोजणी आमच्या बलकांवावर होईल, ट्रक जातील तेव्हा होईल, आणि तोवर कायमची परवानगी नाही. मोजणीपुरते सोडले तर वाड्यातून ट्रकही बंद. कायमचं काही नाही, हे मलाही कळतं. कंपनी दुसरा साहेब आणील, दुसरी तळी शोधील. पण आज सकाळी मी बलकांवावरून बोट फिरवलं आणि ते जवळजवळ स्वच्छच निघालं. आम्ही इथेच आहोत दादा. खोलीत सुपारी सुकत घाल.

काल घरी चालत येताना हे वाटेत थांबले. मला वाटलं की दम लागला. दम लागला नव्हता. म्हणाले की आयुष्य खाणीवर गेलं, कंपनीच्या माणसाच्या तोंडून धूळ हा शब्द आज पहिल्यांदा ऐकला, आणि तोही लॅपटॉपच्या काळजीने.

शांतावहिनीला नमस्कार, सुविधाला आशीर्वाद. जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी,
सुमंगला